दोन ट्रॉल्या मागं घेऊन: उसाची खेप सुखरूप कशी न्यावी

दसऱ्याच्या आसपास कारखान्यांचे बॉयलर पेटतात आणि दिवाळी सरते न सरते तोच कृष्णा, वारणा, पंचगंगेकाठचे रस्ते एकाच वाहनाने भरून जातात. पुढं ट्रॅक्टर, मागं उसाने फुगलेल्या दोन ट्रॉल्या. नगर-सोलापूरकडे तेच, निपाणी-चिकोडीकडेही तेच. मी अकरा हंगाम हे वाहन स्वतः चालवलं, आता घरचे दोन ट्रॅक्टर उसावर असतात. नवा ड्रायव्हर ठेवला की पहिल्या दिवशी त्याला जे सांगतो, ते इथं खेपेच्या क्रमाने लिहितोय.

आधी वजनाचा हिशोब, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

पन्नास एचपीचा ट्रॅक्टर साधारण २ टनांचा. एकेका ट्रॉलीत आठ-नऊ टन ऊस सहज बसतो, वर ट्रॉलीचं लोखंड दीड-दोन टन. म्हणजे मागं २० टन. इंजिन खालच्या गिअरात ते ओढतं, म्हणून ड्रायव्हरला वाटतं की ट्रॅक्टरला झेपतंय. पण ब्रेक कुणाला आहेत? बहुतेक जुन्या ट्रॉल्यांना ब्रेक नसतातच. सगळे २२ टन थांबवायचं काम ट्रॅक्टरच्या मागच्या दोन टायरांकडे, आणि त्या टायरांवर वजन जेमतेम दीड टन. टायर डांबराला जितका धरेल तितकाच ब्रेक लागणार, पेडल कितीही जोरात दाबा. ढोबळ हिशोबाने सपाट, कोरड्या रस्त्यावर ताशी २० किलोमीटरला ब्रेक दाबल्यापासून थांबेपर्यंत २५ ते ३० मीटर लागतात. ३० च्या वेगाला ६० मीटरच्या वर. पाय ब्रेकवर जाईपर्यंतचे आठ-बारा मीटर वेगळे. आणि उतार विसाला एक असला, म्हणजे वीस पावलांत एक पाऊल खाली, तर ब्रेक वजन जेमतेम तोलून धरतो. वाहन थांबत नाही, नुसता वेग वाढायचा थांबतो.

पोरं मोबाइलवर ऑस्ट्रेलियातले रोड ट्रेन दाखवतात, तीन-तीन ट्रेलर, ५३ मीटर लांबी, आणि विचारतात, मग आपल्या दोन ट्रॉल्यांचं एवढं काय? तिथं प्रत्येक ट्रेलरला एअर ब्रेक असतो आणि हवेचा पाइप तुटला तर तो आपोआप लागतो. नवी ट्रॉली बांधून घेत असाल तर ब्रेकची बसवा. टेपवर आणि झेंड्या-झालरींवर जितके पैसे जातात, त्यापेक्षा हा खर्च सत्कारणी लागेल.

स्टार्टर मारायच्या आधी

सकाळी पहिली नजर पिनांवर. ट्रॅक्टर आणि पहिली ट्रॉली यांच्यात एक, पहिली आणि दुसरी यांच्यात एक. पिन बाजारातली, कडक पोलादाची हवी आणि तिच्या खालच्या भोकात क्लिप हवी. खिळा वाकवून घालणं, बाइंडिंग वायर गुंडाळणं हे चालणार नाही. सळईचा तुकडा पिन म्हणून वापरणारे अजून आहेत. मीही त्यातलाच होतो. एका पहाटे ओढ्यातून वर चढताना मागचं वजन एकदम हलकं झालं, ट्रॅक्टर उसळून पुढं गेला. मागं बघतो तर दुसरी ट्रॉली साखळीवर लोंबत उभी. सळई मऊ, रोज थोडी झिजत गेली, आणि मधोमध पेन्सिलीएवढी राहिली होती. ती साखळीसुद्धा मी लावली नव्हती, वडिलांनी लावायला लावली होती.

ती सेफ्टी साखळी दोन पदरी असावी आणि दांडीच्या खालून फुलीसारखी जावी. पिन तुटली तर दांडीचं टोक त्या फुलीत अडकतं, जमिनीत रुतत नाही. साखळी वळणापुरती सैल, पण रस्त्याला घासणार नाही इतकीच.

पिन बघून झाली की ती जिथं बसते ते भोक बघा. गोल भोक लांबट झालं असेल तर ते भरून पुन्हा पाडून घ्या. पहिल्या ट्रॉलीच्या मागचा हूक हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. तिथं वेल्डिंगजवळ रंगावर केसाएवढी तांबूस रेघ दिसली तर ती नुसती गंजाची नाही, आत चीर पडली आहे आणि तिच्यातून पाणी मुरतंय. त्या दिवशी दुसरी ट्रॉली जोडू नका.

ट्रॉली ट्रॅक्टरच्या ठरलेल्या खालच्या हुकालाच जोडायची. टॉप लिंकला किंवा उंचावरच्या कुठल्याही भोकाला साखळी अडकवून ओढलं की ओढ मागच्या धुऱ्याच्या वरून बसते आणि पुढची चाकं उचलतात.

मग ब्रेकचे दोन पेडल. शेतात वळायला ते वेगवेगळे लागतात, रस्त्यावर त्यांच्यातली पट्टी लावून एकत्रच हवेत. पट्टी निघालेली असताना घाईत एकच पेडल दाबला गेला, की ट्रॅक्टर जागच्या जागी आडवा होतो आणि मागचे २० टन त्याला ढकलत नेतात. पट्टी लावूनही एकदा मोकळ्या जागेत ब्रेक मारून बघा. एका बाजूला ओढत असेल तर ब्रेक समान करून घ्यायचा.

टायरची हवा, नट, आणि ट्रॉलीची पुढची चाकं जिच्यावर वळतात त्या चक्रीचं ग्रीस. चक्री कोरडी असेल तर ट्रॉली वळणावर उशिरा वळते आणि वळण संपल्यावर उशिरा सरळ होते. पाच-सात किलोमीटर गेल्यावर एकदा थांबून प्रत्येक हबजवळ हाताची मागची बाजू न्या. एक हब बाकीच्यांपेक्षा तापलेला असेल तर बेअरिंग चाललं.

जोडणी करताना माणसं जखमी होतात ती बहुतेक एकाच प्रकारे. क्लीनर दांडी धरून मध्ये उभा, ड्रायव्हर रिव्हर्स घेतोय, "ये, ये, अजून ये." ट्रॅक्टर आधी पूर्ण थांबवा, न्यूट्रल करा, हँडब्रेक ओढा, मग पोराला पिन घालायला आत जाऊ द्या. चार बोटं कमी पडली तर त्याला बाहेर काढून पुन्हा घ्या.

भराई

जड ट्रॉली पुढं, हलकी मागं. फडातला ऊस कमी पडला तर पहिली पूर्ण भरा, दुसरी अर्धी राहू दे. उलट केलं की मागची ट्रॉली पुढच्या हलक्या ट्रॉलीला हलवत राहते, जसं शेपूट कुत्र्याला.

ऊसतोड टोळीला टनावर पैसे मिळतात, वाहतूकदारालाही टनावर, त्यामुळं "अजून दोन मोळ्या" हे वाक्य प्रत्येक फडात ऐकू येतं. मुकादम म्हणतो, "मालक, एवढ्यासाठी काय परत येताय?" इथं ड्रायव्हरने मालकाकडे बघू नये आणि मालकाने ड्रायव्हरवर ढकलू नये. उंची वाढली की प्रत्येक मोळी वजनाबरोबर कलही वाढवते. रस्ता कडेला उतरता असतो, तिथं एक चाक साइडपट्टीवरून खाली गेलं की वरचा थर आधी सरकतो, मग ट्रॉली त्याच्यामागं जाते. दोन्ही बाजूंना सारखा ऊस, वरचा थर आतल्या बाजूला दाबून घेतलेला, आणि वरून दोन ठिकाणी आवळलेला दोर.

क्रेनने ऊस उतरवण्यासाठी खाली ज्या तारा टाकलेल्या असतात, त्यांची टोकं वर घेऊन बांधा. लोंबती तार चाकात गेली की काय होतं ते बघायची वेळ न येवो. फडातून बाहेर पडायच्या वाटेवर विजेच्या तारा किती खाली आल्यात, ते रिकामी ट्रॉली आत नेतानाच बघून ठेवा. भरल्यावर वरचा माणूस काठीने तार उचलून धरतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय आणि पुन्हा पाहायचं नाही.

वजनाची कायद्याची बाजू थोडक्यात. नोंदणी पुस्तकात लिहिलेल्यापेक्षा जास्त भरलं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ खाली २० हजार रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार. ट्रॉलीची नोंदणी वेगळी असते. विमा घेताना ट्रॅक्टरबरोबर दोन्ही ट्रॉल्या त्यात आहेत का आणि भाड्याने ऊस वाहणं त्यात बसतं का, हे एजंटाच्या तोंडावर विसंबून न राहता पॉलिसीत वाचा. शेवटच्या ट्रॉलीच्या मागं ट्रॅक्टरचा नंबर दिसला पाहिजे, असंही कायदा सांगतो. उसाने झाकलेली पाटी म्हणजे पाटी नसल्यासारखीच.

फडातून रस्त्यावर

काळ्या रानात दोन्ही ट्रॉल्या एकदम ओढू नका. एक बाहेर काढा, घट्ट जागेवर उभी करा, चाकांना दगड लावा, मग दुसरी आणा. वेळ जातो, जाऊ दे.

ट्रॅक्टर रुतल्यावर दोन गोष्टी कधीही करू नका. एक, मागच्या चाकाला ओंडका बांधणं. दोन, गच्च अ‍ॅक्सिलेटर देऊन क्लच एकदम सोडणं. चाक फिरायला जागा नसेल तर इंजिनाची ताकद चाकाऐवजी ट्रॅक्टरला फिरवते, पुढचा भाग वर उठतो आणि दीड सेकंदाच्या आत ट्रॅक्टर ड्रायव्हरच्या अंगावर उलटा येतो. उडी मारायला तेवढा वेळ पुरत नाही. खालचा गिअर, हळू क्लच, आणि पुढची चाकं हलकी वाटायला लागताच क्लच दाबा. पुढं वजनाच्या प्लेटा लावा, पण त्या लावल्या म्हणून निर्धास्त होऊ नका. अडलंच तर एका ट्रॉलीतला ऊस थोडा उतरवा किंवा दुसरा ट्रॅक्टर बोलवा.

निघताना कुणी बसायचं नाही. उसावर नाही, मडगार्डवर नाही, आणि दोन ट्रॉल्यांमधल्या दांडीवर तर मुळीच नाही. तोडणीवाल्या बाया लेकरं घेऊन खोपीवर परत जायला वाहन मागतात, त्यांना नाही म्हणणं जिवावर येतं हे खरं. त्यांच्यासाठी वेगळी सोय बघा.

रस्त्यावर

भरल्या वाहनाला सपाटीवर १५ ते २०. याहून जास्त पळवायचा मोह झाला तर वरचा मीटरचा हिशोब आठवा.

वळणाचं गणित असं की ट्रॅक्टर जिथून जातो, पहिली ट्रॉली त्याच्या आतून जाते आणि दुसरी तिच्याही आतून. डावीकडे गावात वळताना ट्रॅक्टर कोपऱ्यावरच्या टपरीपासून दोन हात लांब गेला, म्हणून मागची ट्रॉली जाईलच असं नाही. आधी पुढं जा, उशिरा वळा, आणि आरशात मागच्या ट्रॉलीचं आतलं चाक दिसत राहील असं बघा. दोन्ही बाजूंना, उसाच्या बाहेर येणाऱ्या लांब दांड्याचे आरसे नसतील तर हे जमणारच नाही. त्या आतल्या कोपऱ्यात मोटारसायकलवाला घुसलेला असतो. गर्दीच्या चौकात क्लीनरने खाली उतरून ती बाजू अडवावी.

एकदम हँडल मारणं हे दोन ट्रॉल्यांना सगळ्यात घातक. ट्रॅक्टर हातभर सरकला तर पहिली ट्रॉली जास्त सरकते आणि शेवटची त्याहून जास्त, चाबकाच्या टोकासारखी. म्हणून खड्डा दिसला तर चुकवायला जाऊ नका, वेग कमी करून सरळ खड्ड्यातून घ्या. कुत्रं आडवं आलं तरी तेच, हे लिहायला वाईट वाटतं. मागची ट्रॉली लहरायला लागली तर हँडल सरळ धरा, रेस हळूहळू सोडा, ब्रेकला हात-पाय लावू नका. ती आपली आपण शांत होते.

आता उतार. ओढ्याचे, पुलाच्या तोंडाचे, कालव्याच्या भरावाचे, हे आपल्याकडचे उतार लहानच, पण बहुतेकांच्या तळाशी वळण किंवा अरुंद पूल असतो. उतार सुरू व्हायच्या आधी, वर सपाटीवरच थांबल्यासारखं करून गिअर खाली घ्या. तोच चढ चढायला जो गिअर लागला असता, त्याच गिअरात उतरायचं. मग इंजिनच वाहन धरून ठेवतं आणि ब्रेक थोडा थोडा, अधूनमधून पुरतो. डिझेल वाचवायला न्यूट्रल करून सोडण्याची सवय जुनी आहे. त्यात वाचतो पेलाभर डिझेल. एकदा वेग धरला की गिअर परत पडत नाही, दातावर दात कुरकुरतो, आणि मग २२ टन दोन टायरांवर. क्लच दाबून उतरणं हा त्याचाच भाऊ.

तरीही ट्रॉल्या अंगावर यायला लागल्या, म्हणजे मागून ढकल जाणवायला लागली आणि ट्रॅक्टरचं ढुंगण बाजूला सरकतंय असं वाटलं, तर माणूस साहजिकच ब्रेक आणखी दाबतो. नेमकं तिथंच चाकं घसरतात आणि ट्रॅक्टर-ट्रॉली चाकूसारखी मिटते. ब्रेक थोडा सोडा, चाकं पुन्हा फिरू द्या, हँडल सरळ करा, आणि वाहन सरळ झाल्यावर परत हळूच दाबा. हे वाचून येत नाही. रिकाम्या मैदानात, रिकाम्या ट्रॉल्यांनी, कमी वेगात एकदा अनुभवून घ्या म्हणजे पायाला कळतं.

चढाला आधीच खालचा गिअर, मध्ये बदल नको. चढावर बंद पडलं तर क्लीनरने उटी म्हणून लाकडी ठोकळा लावायचा तो शेवटच्या ट्रॉलीच्या मागच्या चाकाला. आमच्याकडे ठोकळ्याला दोरी बांधून ट्रॉलीलाच टांगलेला असतो. यामागं कारण आहे. रस्त्यावरचा दगड लावला की निघताना तो तिथंच राहतो आणि रात्री कुणाची तरी मोटारसायकल त्याच्यावर जाते.

हायवे ओलांडायची वेळ आली तर आधी हिशोब करा. वाहन सोळा-सतरा मीटर लांब, रस्ता वीसेक मीटर रुंद, जागेवरून उठायचं. शेवटची ट्रॉली पार व्हायला २५ सेकंद लागतात. तेवढ्यात ताशी ८० ने येणारी गाडी साडेपाचशे मीटर पुढं आलेली असते, म्हणजे तुम्ही निघालात तेव्हा ती तुम्हाला दिसलीही नसेल. दोन किलोमीटरचा वळसा पडला तरी हायवेखालच्या बोगद्यातून जा.

चार ट्रॅक्टर एकामागं एक चिकटून चालले की मागची एसटी कासावीस होते. मध्ये एक गाडी शिरेल एवढं अंतर ठेवा, आणि मागं रांग लागली तर रुंद जागा बघून बाजूला घ्या. टेपचा आवाज मागचा हॉर्न ऐकू येईल इतकाच. शाळा सुटायच्या वेळी गावातून जाताना पोरं ऊस उपसायला ट्रॉलीमागं धावतात, दोन ट्रॉल्यांच्या मधून हात घालतात. तेव्हा क्लीनर खाली, मागं चालत.

अंधार पडल्यावर

हंगामातले सगळ्यात वाईट अपघात चालत्या ट्रॉलीचे नसतात, उभ्या ट्रॉलीचे असतात. थंडीची रात्र, धुकं, समोरून येणाऱ्या गाडीचा अप्पर, आणि पुढं काळ्या रस्त्यावर काळी ट्रॉली. मोटारसायकलवाल्याला ती दहा-पंधरा मीटरवर आल्यावर दिसते.

मागं लाल, पुढं पांढरी आणि बाजूंना पिवळी रिफ्लेक्टर पट्टी, दोन्ही ट्रॉल्यांना. आरटीओ आणि कारखाने हंगामाच्या सुरुवातीला पट्ट्या लावून देतात, पण तिसऱ्या खेपेला त्यावर चिखल बसतो आणि वाढे, म्हणजे उसाच्या शेंड्याची पानं, लोंबून त्या झाकल्या जातात. म्हणून पट्टी फळकुटावर न लावता खाली चासीवर लावा आणि दर खेपेला ओल्या फडक्याने पुसा. मागच्या ट्रॉलीपर्यंत नेलेली टेललाइटची वायर जोडावर आठ दिवसांत तुटते, हा माझा अनुभव. बॅटरीवरचा लाल लुकलुकता दिवा शेवटच्या ट्रॉलीला टांगला तर वायरची कटकट नाही. ट्रॅक्टरच्या मागच्या मडगार्डवरचा शेतात वापरायचा पांढरा दिवा मात्र रस्त्यावर बंद ठेवा. पुढचा एक हेडलाइट गेला असेल तर समोरच्याला तुम्ही मोटारसायकल वाटता, बल्ब बदलल्याशिवाय निघू नका.

पंक्चर झालं तर डांबर सोडून खाली घ्या, साइडपट्टी भुसभुशीत असेल तर आधी पायाने दाबून बघून. जागा नसेलच तर लाल त्रिकोण पन्नास पावलं मागं, वळण असेल तर वळणाच्या अलीकडे, आणि एक माणूस बॅटरी घेऊन तिथं, ट्रॉलीजवळ नाही. जॅक लावायच्या आधी बाकीच्या चाकांना ठोकळे. भरलेली ट्रॉली रस्त्यावर सोडून घरी झोपायला जाऊ नका. दुसरा ट्रॅक्टर आणून ती रात्रीच हलवा.

कारखान्यावर आणि परत

नंबरला उभं राहण्यात कधी दहा तास जातात, कधी पूर्ण रात्र. ती झोपायची वेळ समजा. गव्हाणीत, म्हणजे कारखान्यात ऊस टाकायच्या जागी, ऊस पडला की लगेच पुढच्या खेपेला पळायची घाई असते, पण रात्रभर रांगेत ट्रॅक्टर पाच-पाच फूट पुढं घेत जागलेला माणूस पहाटेच्या रस्त्यावर उघड्या डोळ्यांनी झोपतो. रांगेत आळीपाळीने पुढं घ्यायला क्लीनरला शिकवा, पण यार्डाच्या आतच, रस्त्यावर लायसन असणाराच. दोन भरल्या ट्रॉल्या रिव्हर्स घ्यायचा प्रयत्न करू नका, चार ठिकाणी मुडपणारं वाहन मागं सरळ जात नाही. चुकीच्या रांगेत शिरलात तर मागची सोडा.

रिकामं परतताना वेग आपोआप वाढतो. रिकाम्या ट्रॉल्या खड्ड्यावर उडतात, पिन वर-खाली आपटते, आणि क्लिप निघते ती याच वेळी. वजनकाट्यावरून बाहेर पडताच बाजूला थांबा, दोन्ही पिना हाताने हलवून बघा, क्लिपा बघा, क्रेनच्या तारा आणि सांडलेला ऊस उचलून आत टाका. आमचा क्लीनर त्याच वेळी फडकं भिजवून मागच्या पट्ट्या पुसून घेतो. तो आला की मी निघतो.